सगळ्यांच्या बाटल्या एका गंजात

२७ जून

ही वही मूळची वाघांची. व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर गाइड म्हणून माझं नाव लागलं तेव्हा घेतली होती. कोणता वाघ कोणत्या पाणवठ्यावर दिसला, पर्यटकाईनं काय येडे प्रश्न विचारले, सारं लिहायची. मे महिन्याच्या मधापासून पानं कोरी आहेत. वाघाचं लिहायचं तं जंगलात जावं लागते, आन् मी जाऊन नाई राह्यली. म्हणून आता माणसाईचंच लिहिते. कोणाच्या बापाचं काय जाते!

गेटवर सांगितलं आहे की घसा बसला. विक्कीलेही तेच सांगितलं. विक्की माझा नवरा, त्याच गेटवर जिप्सी चालवते. तो म्हणते, "एवढे दिवस कोणाचा घसा बसते का वो?" मी म्हटलं, माझा बसते.

खरं पाहता मले काईच झालं नाई. झालं ते सासूले. तेंदूपत्ता तोडायले मी, सासू कमळाबाई आन् शेजारची बुधरी, अशा तिघी गेलो होतो. सासू वाकून पानं तोडत होती. झुडपातून वाघीण आली आन् तिच्या खांद्यावर पडली. मी बाजूलेच उभी. पर्यटकाईले रोज मीच शिकवते, वाघ समोर आला तं पळू नका, जोरानं ओरडा. आन् माझ्या तोंडातून आवाज निघाला नाई. वाघिणीनं सासूले काऊन सोडलं, देव जाणे.

सासू वाचली. खांद्यावर टाके, हात अजून वर जात नाई. तरी घरामागच्या सांदवाडीत भेंड्या लावून राह्यली, शेजारणीसंग खिदळून राह्यली. मले साधा ओरखडा नाई, आन् मी दाराची कडी तपासत बसते. लावलेली कडी लागलेलीच राह्यते, हे का मले समजत नाई? तरी उठते.

१ जुलैले गेट बंद होते, पावसाळाभर. बरं झालं.

३० जून

समाजमंदिरात सभा होती. चंद्रपूरची एक डॉक्टर पोट्टी आली, अमरीन ताई. बाप फारूकभाऊ, गाद्या-रजया भरते. पोरगी शिकून मनाच्या दुखण्याची डॉक्टर झाली आन् नागपूरच्या एका संस्थेसाठी संशोधन करून राह्यली. जंगलाकाठच्या गावात वाघाच्या भीतीनं ज्याईची झोप उडाली, छाती धडधडते, वावरात पाय जात नाई, अशा लोकाईसाठी एक औषध तपासायचं आहे म्हणे. भांगेच्या झाडातून निघते.

भांग म्हटल्याबरोबर लटारूकाका मागून उठून पुढं येऊन बसला. "मॅडम, माझं नाव पयले लिहा."

"नशा नाई येणार, भाऊ."

"मंग कायले पाहिजे?"

सारं समाजमंदिर हसलं. ती पण हसली. मंग समजावून सांगितलं. त्या झाडात पुष्कळ द्रव्यं असतात. एक डोकं फिरवते. दुसऱ्याले सीबीडी म्हणतात, ते डोकं फिरवत नाई. बाहेरदेशी काई लोकाईले ते देऊन चार अनोळखी माणसाईसमोर भाषण करायले लावलं, तं त्याईची घबराट थोडी कमी दिसली. पण माणसं थोडकीच होती. आन् डोस वाढवला म्हणून फायदा वाढला, असंही नाई. दुकानदार काईही सांगून विकून राह्यले, म्हणून नीट तपासलं पाहिजे.

सासूनं विचारलं, "म्हंजे धडधड थांबते का त्यानं?"

"मले माहीत नाई, बाई. म्हणून तं आली."

बाप्पा! एवढी मोठी डॉक्टर आन् म्हणते माहीत नाई. आमच्या गावचा बुवा बरा मंग, त्याले सारंच माहीत असते.

बोलायच्या आधी तिनं अख्खी बाटली पाणी पेलं आन् दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरून बसली होती. एस.टी. लागली असन.

४ जुलै

तपासणी झाली. रक्त घेतलं, प्रश्न विचारले. लटारूकाकाले घेतलं नाई. मोहाची पिऊन पिऊन त्याचं लिव्हर सुजलं आहे, आन् या औषधानं लिव्हरवर भार पडू शकते म्हणे. काका रुसून घरी गेला. सासू घेतली, बुधरी घेतली, मलेही घेतलं. मी नाव दिलं ते सासूले सोबत म्हणून. माझ्या प्रश्नाईची उत्तरं लिहिताना ताई मधीच थांबली. म्हणाली, "पुनम, कडी किती वेळा पाहता?" मी म्हटलं, वारा खूप आहे आमच्याकडं.

मंग एक भलतंच काम. खोलीत एकटीनं उभं राह्यचं, समोर दोन अनोळखी माणसं आन् कॅमेरा, आन् मनात येईन त्याच्यावर बोलायचं. बोलताना नाडी मोजणार. मी मनात म्हटलं, आपल्याले काय कठीण? मी दिल्ली-मुंबईवाल्याईले दिवसभर बोलून गप्प करते. उभी राह्यली. "नमस्कार, मी पुनम" म्हटलं आन् गळ्यात काई तरी येऊन बसलं. ती दोन माणसं पाहत राह्यली. मी पाहत राह्यली. शेवटी बाहेर आली.

विक्कीले सांगितलं, पाहून घे, घसा बसला म्हणत होती ना मी?

९ जुलै

आज बाटल्या वाटल्या. लहान, काळ्या काचेच्या, वर ड्रॉपर. जिभेखाली थेंब सोडायचे, सकाळ-संध्याकाळ. इथपर्यंत ठीक. मंग ताईनं सांगितलं की अर्ध्या बाटल्याईत औषध आहे आन् अर्ध्याईत नुसतं तेल. कोणाच्यात काय, हे तिलेही माहीत नाई. नागपूरले कोणी तरी बंद करून ठेवलं आहे.

ताईनं पुन्हा पुन्हा सांगितलं की आपली बाटली आपणच घ्यायची. सगळ्याईनं माना हलवल्या. मीही हलवली. ती गेल्यावर जो गोंधळ झाला!

बुधरी म्हणाली, "म्हंजे आपण सुया टोचून घ्यायच्या, रक्त द्यायचं, आन् हाती नुसतं तेल?"

"तुयाच हाती काऊन? माह्याही हाती असन," सासू म्हणाली.

"म्हंजे कोणाच्या तरी हाती हायच ना! हा कोणता न्याव?"

मले ताईचा राग आला. चेहरा एवढा भला आन् काम असं. आमच्या गावात असं कधी झालं नाई.

१० जुलै

सासूनं मार्ग काढला. ही बाई कलेक्टर व्हायची, चुकून चुलीपाशी बसली.

उन्हाळ्यात गावतलाव आटला की मासळी काढतात. सारं गाव उतरते. कोणाच्या जाळ्यात मरळ येते, कोणाच्या जाळ्यात चिखल. पण काठावर आलं की सारी मासळी एका ढिगात, मंग घरटी सारखे वाटे. कोणी उपाशी नाई, कोणी मातत नाई. माझ्या आजेसासऱ्याच्याही आधीपासून असंच आहे.

सासू म्हणाली, "मासळीले जे चालते ते तेलाले काऊन नाई चालत?"

आमच्या घरापुढच्या छपरीत साऱ्या जमल्या. सासूनं आपला पितळेचा मोठा गंज घासूनपुसून, उन्हात वाळवून आणला. सगळ्यांच्या बाटल्या त्या गंजात. उलथन्यानं हळूहळू हालवलं. मंग पुन्हा बाटल्या भरल्या, सारख्या. सांडू नये म्हणून बुधरीनं श्वाससुद्धा धरला होता. लटारूकाका दारात येऊन उभा राह्यला, तोंड एवढंसं करून. सासू म्हणाली, "गावचाच हाय ना तू?" आन् त्यालेही एका सर्दीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत वाटा दिला.

आता सगळ्याईले औषध. थोडं थोडं, पण सगळ्याईले. सारं झाल्यावर सांगू, ताई खूश होईन.

२४ जुलै

धानाचा रोवणा, लावणी सुरू आहे. सकाळी चिखलाच्या बांधीत उतरायच्या आधी साऱ्या आमच्या छपरीत येतात, रांगेनं बसतात, जिभा वर करून थेंब घेतात. मंग चहा. संध्याकाळीही तसंच. थेंब जिरेपर्यंत गिळायचं नाई, म्हणून तेवढा वेळ कोणी बोलत नाई. आमच्या गल्लीतल्या बायांनी तोंड मिटून ठेवणं हाच मोठा चमत्कार. तोंड उघडलं की मंग सुरू. बुधरी सांगते, तिले स्वप्नात पिवळं दिसते. गोठ्याकडं जाताना आपण मोठ्यानं गाणं म्हणतो, हे दुसरीनं कबूल केलं. आम्ही हसलो. सासूनं सांगितलं की तिच्या नाकात अजून वाघिणीच्या तोंडाचा वास आहे. तेव्हा कोणी हसलं नाई. बुधरीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मी काई सांगितलं नाई. मले काय झालं आहे सांगायले?

पण औषध लागू पडून राह्यलं, हे खरं. काल मी एकटी जंगलाकडच्या लहान तळ्यापर्यंत, बोडीपर्यंत, गेली आन् आली. मधात वळून पाहिलं नाई. म्हंजे पाहिलं, पण थांबली नाई.

विक्की गेटवरून निरोप घेऊन आला. १ ऑक्टोबरले गेट उघडते. त्या दिवशी पुनम आली नाई तं तिच्या जागी दुसऱ्या पोरीचं नाव लागीन. ते माझं खाकी शर्टाचं काम, माझं! विक्कीच्या आधी मी कमवायले लागली होती त्या गेटवर. विक्की म्हणाला, "येशील ना?" मी म्हटलं, घशावर आहे.

८ ऑगस्ट

पाऊस. नाल्यावरून पाणी चाललं होतं, एस.टी. बंद. आम्ही म्हटलं, ताई काई येत नाई आज. तं दुपारी चिखलानं माखलेली ही पोट्टी दारात उभी. अलीकडच्या फाट्यापर्यंत कोणाच्या ट्रॅक्टरवर बसून आली आन् पुढं चालत. तपासणीचा दिवस ठरला म्हंजे ठरला, म्हणते.

तिनं एकेकीले वेगळं बसवून विचारलं. झोप कशी, भूक कशी, पोट बिघडलं का, गुंगी येते का. बुधरी बोलायले लागली की बांध फुटते. तिच्या पाचही बहिणी, त्याईचे नवरे, त्याईची गुरं, सारं सांगून झालं. ताईनं एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाई. शेवटी म्हणाली, "आन् तुमची झोप?" मी दाराआडून ऐकून राह्यली होती. मले वाटलं, असं ऐकून घेणारं कोणी असलं तं माणूस सांगूनच टाकीन.

जेवताना मी विचारलं, ताई, तुम्हाले जंगलाची भीती नाई वाटत? एकट्या चालत आल्या.

"लई वाटते," ती म्हणाली. "इथीच वाटते असं नाई. मले बस स्टँडवर वाटते. फोन वाजला तरी वाटते."

मजाक करून राह्यली. भीती वाटणारी माणसं अशी असतात का? तिचं जेवण मात्र काईच नाई. अर्धी भाकर खाऊन उठली, नागपूरच्या संस्थेतल्या मोठ्या सरांचा फोन येणार होता म्हणून. अंगणाच्या कडेले जाऊन ओकली. पोरीले ॲसिडिटी आहे. सासूनं ओव्याचं पाणी दिलं.

मले ती आवडून राह्यली आहे. लिहून ठेवते.

६ सप्टेंबर

आज शेवटची तपासणी. काय लिहू, कुठून लिहू.

पुन्हा तेच, समोर माणसं, कॅमेरा आन् बोलणं. माझी पाळी आधी आली. "नमस्कार, मी पुनम," म्हटलं, आन् पुढं चक्क सांबराबद्दल बोलली. वाघ नाई, सांबरच. आवाज कापत होता, पण होता. ताईच्या डोळ्यात मले दिसलं की ती खूश आहे.

मंग सासू. तिले आत एकटं उभं राह्यले लाज वाटली, म्हणून ताईनं मले दारात थांबू दिलं. सासूनं पदर सारखा केला आन् कॅमेऱ्याले नमस्कार केला. वाघिणीची सारी गोष्ट सांगितली. कशी वाकली होती, कसा भार आला, कसा वास आला. मंग म्हणाली, "आन् मंग माह्या सुनेनं बोंब ठोकली. अशी बोंब मी जन्मात ऐकली नाई. जंगल हाललं. वाघीणच दचकली आन् गेली. म्हणून मी हाय."

मले कानात दडे बसल्यासारखं झालं. खोटं. मायेपोटी खोटं बोलून राह्यली, तेही कॅमेऱ्यासमोर. मी तिथं होती. आवाज निघाला नाई, हे मलेच माहीत.

आन् मी त्यातच अडकली होती तोवर सासू पुढं गेलीही. "आता आमी साऱ्या बऱ्या हाओ. मॅडमच्या औषधाची किरपा. आमी कोणाले कमीजास्त होऊ नाई देलं. साऱ्या बाटल्या गंजात वतल्या आन् सारखे वाटे केले." आन् मोठ्या अभिमानानं हसली.

ताईच्या हातातला पेन खाली पडला.

तिनं पयले विचारलं ते हे, "बाई, लटारूभाऊले देलं का?"

"देलं ना. गावचाच हाय."

ताई उठून हँडपंपावर गेली. मी मागं मागं गेली. ती तोंड धुवत होती, पुन्हा पुन्हा. मले वाटलं, आता ओरडीन. ओरडायलेच पाहिजे होतं, खरं म्हंजे. ती वळली आन् म्हणाली, "आधी लटारूभाऊचं रक्त तपासू. चला." आन् त्याच चिखलातून त्याच्या घरी गेली, त्याले समजावलं, विक्कीच्या गाडीत बसवून चंद्रपूरले घेऊन गेली. काका जाताना म्हणत होता, "मले काई झालं नाई, उलट गोड झोप येऊन राह्यली."

कोणी काई बोललं तरी मी सांगते. त्या पोरीचं सारं काम बुडालं होतं आन् तिनं आधी एका दारुड्याचं लिव्हर पाहिलं. असं माणूस मी पाहिलं नाई.

११ सप्टेंबर

काकाचं लिव्हर आधी होतं तेवढंच सुजलेलं आहे, जास्त नाई. ताई सांगायले स्वतः आली. सारे छपरीत बसलो. सासू गुन्हेगारासारखी कोपऱ्यात.

मी म्हटलं, ताई, आम्ही बऱ्या झालो ना? मंग झालं. बाटल्याईचं कोणाले सांगू नका. आमच्यातली एकही तोंड उघडणार नाई. देवाची शपथ.

ती म्हणाली, "पुनम, तुम्ही कशानं बऱ्या झाल्या?"

"औषधानं."

"का रोज सकाळ-संध्याकाळ एकत्र बसून? का रोवण्याच्या कामानं? का दिवस गेले म्हणून? मले नाई सांगता येत. आन् मी खोटं लिहिलं, तं उद्या कोणी तरी तेवढ्यावर विसंबून एखाद्या आजारी माणसाले हेच तेल पाजीन, आन् त्याचं खरं औषध बंद करीन."

काम बुडालं हे कळलं होतं, पण काऊन ते आम्हाले अजून नीट उमजलं नव्हतं. माझे सासरे नथ्थूभाऊ आतापर्यंत खांबाले टेकून बसले होते. त्याईनं एका वर्षी सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राच्या सांगण्यावरून दोन बांध्याईत दोन तऱ्हेचं खत टाकून पाहिलं होतं. ते एकदम सरळ झाले आन् सासूवर खेकसले, "अवो, तुमी मधातली बांधाची पार फोडली! या बांधीचं पाणी त्या बांधीत गेलं. आता कोणतं धान कोणत्या खतानं पिकलं, तिचा बाप तरी सांगीन का?"

तेव्हा साऱ्याईले एका क्षणात समजलं. सासू रडायलेच लागली. "मले वाटलं सारखं वाटलं तं पुन्न लागीन."

ताई तिच्यापाशी जाऊन बसली. "बाई, तुम्ही चुकल्या नाई. मी नियम सांगितला, कारण नाई सांगितलं. आन् तुम्ही मान हलवली ते समजलं असं मीच धरून चालली. चूक माझी."

मोठ्या सराईलेही तिनं हेच कळवलं आहे. त्याच दिवशी, लपवता येत असताना. आज फोनवर ते केवढ्यानं ओरडून राह्यले होते ते मी अंगणातून ऐकलं. ती एवढंच म्हणत होती, "हो सर. माझीच जबाबदारी, सर." आमचं गाव संशोधनातून वजा झालं. फोन ठेवला आन् हँडपंपाकडं गेली. ओव्याचं पाणी मी तयारच ठेवलं होतं.

जाताना म्हणाली, औषध गेलं तरी मी येणार. दर आठवड्याले. तुम्ही छपरीत बसणं सोडू नका. आन् मले वेगळी म्हणाली, "पुनम, रोज विक्कीसंग जंगलाच्या बाजूनं थोडं थोडं पुढं जायचं. जिथं जीव घाबरा होईन तिथं थांबायचं. पळायचं नाई. घाबरा उतरला की मंग परत." मी म्हटलं, मले कुठी काई झालं?

जाऊन पाहते. तिचं मन राखायले.

१९ सप्टेंबर

राहवेना. बुधरीले गाठलं. ती गोबर काढून राह्यली होती. म्हटलं, खरं सांग, त्या दिवशी मी ओरडली होती?

बुधरीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसा माझ्या डोक्यावर परिणाम झाला. "अवो बाई, माहे कान दोन दिवस भिनभिन करत होते! पार बोडीवरचे लोक धावत आले ते कोणाच्या बोंबेनं? माह्या? मी तं झाडामागं लपली होती."

"मले आठवत नाई."

"तुले नाई आठवत म्हणून आमी बहिऱ्या हाओ का?"

मी तिथंच गोबराच्या टोपल्यापाशी बसली आन् रडली. खूप रडली. बुधरी म्हणाली, येडी झाली का, आन् गोबराच्या हातानंच माझे डोळे पुसले. संध्याकाळी सासूच्या कुशीत जाऊन झोपली. ताईले फोन केला, असं होते का म्हणून. ती म्हणाली, जबर भीतीत असं होते कधी कधी, डोकं मधातला एखादा तुकडा ठेवतच नाई.

आज लिहिते. मले भीती वाटते. मे महिन्यापासून वाटून राह्यली आहे. घसा कधी बसलाच नव्हता.

१ ऑक्टोबर

खाकी शर्ट सैल झाला आहे. सासूनं कंबरेत टाके घालून दिले, एका हातानं.

गाडी विक्कीची. मागं पुण्याचं एक कुटुंब. गेटमधून आत गेलो आन् माझे तळहात ओले. जिथून तेंदूची झुडपं सुरू होतात तिथं छाती अशी धडधडली की वाटलं मागच्याईले ऐकू जाईन. विक्कीनं गाडी हळू केली. मी म्हटलं, हळू कर पण वळवू नको. थांबलो. मी पळाली नाई. थोड्या वेळानं घाबरा उतरला. मंग म्हटलं, चल.

मागच्या बाईनं विचारलं, "वाघ खरंच समोर आला तर काय करायचं हो?"

मी म्हटलं, "ओरडायचं. आवाज निघते. आपल्याले ऐकू येईन असं नाई, पण निघते."

तिले काई समजलं नाई, विक्कीले समजलं. तो पुढं पाहत गाडी चालवत राह्यला आन् बाहीनं नाक पुसलं.

वाघ दिसला नाई. सांबर, नीलगाय, एक मोर. वाघाचे ताजे पंजे रस्त्यावर. वहीत नोंद केली.

१६ नोव्हेंबर

ताई पुन्हा पहिल्यापासून सुरू करून राह्यली. सराईनं एवढं बोलूनही तिले काढलं नाई. खरं सांगणारी माणसं त्याईलेही कुठी मिळतात? आता सिंदेवाहीकडचं एक गाव. औषध द्यायच्या आधी लोकाईले समजावून सांगायले तिनं मले बोलावलं.

शाळेच्या पटांगणात एवढी माणसं! मी उभी राह्यली. गळ्यात ते आलंच. येऊ देलं. थांबली. मंग बोलली. दोन बांध्याईचं सांगितलं, मधातल्या पारीचं सांगितलं. म्हटलं, आमच्या गावानं पार फोडली, तुम्ही फोडू नका. अर्ध्याईच्या हाती नुसतं तेल येईन. कोणाच्या, ते मले माहीत नाई, ताईले माहीत नाई. तो अन्याव नाई. तसं केल्याशिवाय पुढच्या लोकाईले खरं कळणार नाई. आमच्या गंजाचं सांगितलं तेव्हा बाया तोंडाले पदर लावून हसल्या, कारण त्याईच्याही मनात तेच आलं होतं.

समोर एक बुढी बसली होती. तिचा नातू गाई चारायले गेला तो परत आला नव्हता, हे ताईनं मले आधीच सांगितलं होतं. बुढी म्हणाली, "पोरी, तू त्या औषधानं बरी झाली ना?"

हो म्हटलं असतं तं साऱ्याईनं तिथंच नावं देली असती. मी ताईकडं पाहिलं. ती जमिनीकडं पाहत होती, दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरून. तेव्हा मले समजलं. एस.टी. नाई, ॲसिडिटी नाई. तिनं मजाक केलाच नव्हता. एवढी भीती घेऊन ही पोट्टी गावोगाव फिरून राह्यली होती, आन् मी तिच्यासाठी ओवा उकळत होती.

मी म्हटलं, "मले माहीत नाई, बाई. भीती अजून वाटते. पण जंगलात जाते. ते कशानं, माहीत नाई. म्हणून तं आलो."

ताईनं मान वर केली.

बुढीनं माझ्याकडं पाहिलं, मंग तिच्याकडं. गुडघ्यावर हात टेकून उठली. म्हणाली, "एवढ्या दुरून येऊन माहीत नाई म्हणतात, म्हंजे लबाड नसन. लिही माह्यं नाव."